तळ्यातील काळी शिळा उचलली त्याची हकीकत

श्रीकुलस्वामिनी प्रसन्न असो, ऐकणारांस आयुष्य लाभो आणि लिहिणाराचा धीर टिको. आमच्या कसब्यात पुढे एकदा शिळेखालचे भूत उठले आणि निम्मा गाव ओस पडला, ती कथा पोरासोरांस ठाऊक आहे. तरी जो तो पुसतो, "त्याच्याही आधी काय जाहले?" पुसून पुसून जीव नकोसा केला, म्हणोन एकदाच लिहितो.

शके सोळाशे छपन्न, वैशाखमासी तळे आटले आणि तळाशी काळी शिळा उघडी पडली. सुभेदार राघोपंत यांच्या मनात आले की, ही नव्या वेशीस उंबरठा करावी. मग सटवोजी पाथरवट यांस हुकूम जाहला. सटवोजींनी शिळेस कान लाविला आणि हात जोडून बोलिले, "सरकार, खाली कोणी बोलतंय. हिला हात लावू नये." सुभेदार म्हणाले, "लेखी द्या." लेखी दिले, तो म्हणाले, "अक्षर लागत नाही." दुसरा अर्ज दिला, तो न वाचताच शिळा उचलविली.

मग खालच्या विवरातून गार वारा सुटला, आणि भर दुपारी जो जवळून जाई त्यास आपल्याच मेल्या माणसाची हाक ऐकू येई, आणि तो हसत आत उतरे, तो परत येत नसे. आठ दिवसांत नऊ माणसे गेली. सुभेदारांनी चौकशी बसविली, आणि चौकशीत दोष तळ्याचा ठरला. मग भूत उतरविणारे पंचाक्षरी आणविले, त्यांनी कोंबडी मागितली, खाल्ली आणि निघोन गेले. सटवोजी म्हणाले, "शिळा परत ठेवू." उत्तर आले, "दफ्तरी वेशीच्या नावे लागली, आता हालत नाही." काय म्हणावे!

दहाव्या रोजी सटवोजींची बायको चिमाबाई त्यांस भाकरी घेऊन तळ्यावर आल्या, तो विवरातून हाक आली, "आये, इकडं ये." बाईंनी भाकरी टाकिली आणि धावल्या. सटवोजींनी त्यांस कंबरेस धरिले.

"सोडा मला! लेकरू हाय माझं!"

"अगं, सव्वा महिन्याचं गेलं ते. बोलाया कधी शिकलं?"

बाई थबकल्या. मग विवरास म्हणाल्या, "माझ्या लेकराला नुसतं रडता येत हुतं. रडून दाखीव."

आतले मुके जाहले.

मग चिमाबाईंनी घरोघर जाऊन बायका गोळा केल्या, आणि कानांत कापूस कोंबून, दोरखंड लावून, कोणाच्या हुकुमाची वाट न पाहता त्यांनी सटवोजींसह शिळा ओढोन जागी बसविली. सुभेदार घोड्यावरून आले आणि विचारू लागले, "कोणाच्या परवानगीने?" बाई मातीत बसून रडत होत्या आणि बाकीच्या त्यांस धरून होत्या.

सारांश, नऊ जीव गेले, त्या खेपेस गाव वाचला, आणि सुभेदारांस बढती मिळाली. चिमाबाईंस पुन्हा हाक आली नाही. ती खोटी, हे ठाऊक असूनही ती ऐकावी म्हणोन त्या वर्षभर तळ्यावर जाऊन बसत, ऐसे सटवोजींनी आम्हांस सांगितले. घडले ते इतकेच.