वजडीतली झोप

फ्रीजमधल्या डब्यात बकऱ्याची वजडी, म्हणजे आतडी, दिसली आणि आकाराम आबांना सुनेचं भारी कौतुक वाटलं. शिरोलीच्या फाउंड्रीतून रिटायर झाल्यापासून त्यांच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. विद्यापीठात संशोधन करणारी ही सून, संयोगिता, कालच जेवताना म्हणाली होती, "आबा, झोपेचं मेलाटोनिन नुसतं मेंदूतच असतंय असं न्हाई. आतड्यात त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त असतंय."

आणि आज औषध हजर! बायको तानाबाई जोतिबाच्या दर्शनाला गेलेल्या, म्हणून आबांनीच बाह्या सारल्या. वजडी स्वच्छ धुऊन शिजवली, कांदा-लसूण चटणी सढळ हातानं घातली आणि भाकरीबरोबर सगळी फस्त केली.

संयोगितानं फ्रीज उघडला आणि ती मटकन खाली बसली.

"आबा, डब्यातलं कुठं गेलं?"

"हितं." आबांनी पोटावरनं हात फिरवला. "झ्याक झालती."

"अवो, तो माझा संशोधनाचा नमुना होता! दुपारी सरांना दाखवायचाय. न्हाईतर सगळं काम सहा महिनं मागं जातंय!"

आबांना वाईट वाटलं, पण हातपाय गाळणं त्यांच्या रक्तात नव्हतं. "रडतीस कशाला? कसली पायजे तेवढं सांग. आकाराम हाय की!"

"ताजी, कच्ची. गरम पाणी लागलेली चालत न्हाई."

आबांनी अझीमचं मटणाचं दुकान गाठलं आणि वजडी मागितली.

"या आबा! आत्ताच गरम पाण्यातनं काढलीया. एकदम चकाचक!"

"चकाचक नको. घाण पायजे."

अझीम त्यांच्याकडं बघतच राहिला. "तब्येत बरी हाय न्हवं?"

शेवटी त्यानं उचगावला मेव्हण्याच्या दुकानात फोन केला. तिथं हवी तशी वजडी बर्फाच्या डब्यात मिळाली, पण येताना आबांची मोपेड रुसली. डब्यातला बर्फ वितळायच्या आत पोचायला हवं, म्हणून आबांनी ती भर उन्हात ढकलत विद्यापीठ गाठलं. डबा हातात पडताच संयोगिताचा चेहरा उजळला. तिनं त्यांना मागच्या बाकावर बसवलं.

सरांनी नमुना बघून मान डोलावली. संयोगिता हुरूपानं सांगू लागली, "मेलाटोनिन डोळ्याच्या पडद्यात, कातडीत, इतकंच नव्हे तर पेशींच्या आतल्या मायटोकॉन्ड्रियातही..."

मागून घोरण्याचा आवाज आला. खिडकीची तावदानं थरथरली.

"हे कोण?" सरांनी विचारलं.

"सासरे, सर. आधीचा नमुना यांनीच खाल्ला."

सर हसून हसून खुर्चीवरनं पडायचे राहिले. त्या आवाजानं आबा जागे झाले आणि ताठ बसले.

"लागली का न्हाई झोप? झालं सिद्ध!"

"आबा, एका माणसावरनं सिद्ध होत नसतं," सर म्हणाले. "त्यात तुम्ही उन्हातनं गाडी ढकललीय. पुष्कळ माणसांवर करून बघावं लागतं."

आबांना ते पटलं. त्यांनी तिथल्या तिथं फोन लावला.

"अझीम, उद्या सगळ्या गल्लीला जेवाण हाय. असंल तेवढी वजडी राखून ठेव. व्हय, आता चकाचक केलेली दे."