बोरकुटे काकांचा वजनकाटा

आमच्या कोलार रोडच्या कॉलनीत सकाळी कोणी काखेत वजनकाटा धरून चालताना दिसलं, तर ते बोरकुटे काका. काटा साधाच, बाथरूममध्ये ठेवतात तसला. काका आधी त्यावर एकटे उभे राहतात, मग कुत्रा, मांजर, करडू, जे असेल ते उचलून पुन्हा उभे राहतात, वजाबाकी करतात आणि वहीत लिहितात. कॉलनीतल्या उचलता येणाऱ्या प्रत्येक जनावराचं वजन त्या वहीत आहे. समोरच्या गुप्तांच्या पोपटाचंही आहे, पण ते काकांना स्वतःलाच पटलेलं नाही.

काका मूळ नागपूरकडचे. इथे हिंदी मुलखात, जनावरांच्या सरकारी दवाखान्यात ते पस्तीस वर्षं कंपाउंडर होते. निवृत्त झाले, काकू गेल्या, मुलगी बंगळूरला. सुई मात्र सुटली नाही. शाहपुऱ्याचे जनावरांचे एक तरुण डॉक्टर औषध लिहून देतात आणि रोज टोचून घ्यायला लोकांना काकांकडे पाठवतात. काकांचा क्रम ठरलेला: "चिठ्ठी, वजन, मग सुई." चिठ्ठी नसेल तर शेजारधर्म गेला खड्ड्यात. सुई आत गेली की ते दट्ट्या किंचित मागे ओढून रक्त येत नाही ना ते पाहतात, आणि त्या क्षणी कोणी बोललं तर त्याला अंगणाबाहेर काढतात. 'अंदाजे' हा शब्द त्यांना शिवीसारखा लागतो. आमचा कुत्रा लाडू अंदाजे वीस किलोचा असेल, असं मी एकदा म्हणून बसले.

"ताई, पोहे अंदाजे करा," काका म्हणाले. "औषध नाही."

एकदा दूधवाल्याच्या भुरी म्हशीला इंजेक्शनं चालू होती. काका आठवडाभर गोठ्याच्या फाटकाशी उभे राहून पातेलं घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते, भुरीचं दूध सोमवारपर्यंत घेऊ नका, औषध दुधात उतरतं. दूधवाल्यानं हात जोडले. "बाबूजी, आप भैंस के डॉक्टर हो कि मेरे दुश्मन?"

"सोमवार तक दुश्मन," काका म्हणाले.

आम्ही सगळे हसायचो. मी जरा जास्तच, कारण मी स्वतः व्यवस्थित बाई. माझ्या फ्रिजवर रोजची यादी असते आणि झोपेपर्यंत प्रत्येक कामापुढे बरोबरची खूण झालेली असते. काकांचं ते वजन, ती वही, तो वेळ, मला सगळं फापटपसारा वाटायचं.

मागच्या हिवाळ्यात लाडूच्या पायाची जखम चिघळली. डॉक्टरांनी पाच दिवस पेनिसिलिन लिहून दिलं. काका रोज सातला काटा घेऊन हजर. तिसऱ्या दिवशी लाडू उड्या मारू लागला, आणि मला पहाटेची गाडी धरून एका लग्नाला जायचं होतं. मी काकांना सांगितलं, डॉक्टर म्हणाले बस झालं. डॉक्टर असं काही म्हणाले नव्हते. काकांनी "असं म्हणाले?" इतकंच विचारलं आणि सामान आवरलं. मी यादीत खूण केली. उरलेल्या दोन बाटल्या कपाटात ठेवल्या, वाया कशाला घालवायच्या म्हणून.

लाडूचं नशीब चांगलं, त्याची जखम भरली. काळीचं तसं नव्हतं.

काळी ही गल्लीतली कुत्री. तिला दोन वेळा पोळी घालतात ते काका. फेब्रुवारीत ती लंगडू लागली, पंजाला पू झाला होता. काकांना सांगावं तर ते चिठ्ठी मागणार, म्हणजे शाहपुऱ्याला जा, रिक्षा करा, सगळी सकाळ गेली. माझ्याकडे औषध होतं, मेडिकलमधून सुई आणली, आणि टोचताना काकांना मी तीनदा पाहिलं होतं. मी बाटलीत पाणी घालून हलवलं, काळीला बिस्किट दिलं आणि टोचलं. यादीत लिहिलंसुद्धा: काळी, झालं.

दहा मिनिटांत तिचं तोंड सुजलं. डोळे मिटत चालले, ती ओकली आणि पाय फाकून खाली बसली. मी बाटली हातात घेऊनच धावत काकांकडे गेले. त्यांनी काळीला उचललं, रिक्षा थांबवली, डॉक्टरांना फोन केला. रिक्षात त्यांनी हात पुढे केला, तेव्हा मी बाटली त्यांच्या हातावर ठेवली.

"किती दिलं?"

"अंदाजे दोन मिली."

त्यांनी मग वही उघडून माझ्यासमोर धरली. काळीच्या पानावर लाल शाईत वर लिहिलं होतं: पेनिसिलिन नको, सुजते.

दवाखान्यात डॉक्टर तयारच होते. त्यांनी काळीला सुई दिली आणि विचारलं, काय दिलं, किती, कोणी. मी काळीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

"मैंने," काका म्हणाले. "पेनिसिलिन. अंदाज़े से दो एमएल."

डॉक्टरांनी वर पाहिलं. "दादा, आपने? अंदाज़े से?"

"उमर हो गई, साहब."

काळी संध्याकाळपर्यंत उभी राहिली. निघताना डॉक्टर हळू आवाजात काकांना म्हणाले की आता हे सुईचं काम राहू द्या. काकांनी मान हलवली. मी शेजारीच उभी होते. 

त्यानंतर चार सकाळी काकांच्या दाराशी कोणी आलं नाही. काटा भिंतीला टेकून उभा होता. माझ्या यादीत 'डॉक्टरांना सांगणे' हे काम रोज पुढच्या दिवसावर ढकललं जात होतं. पाचव्या दिवशी जाऊन मी सगळं सांगितलं, लाडूच्या दोन बाटल्यांसकट. डॉक्टरांनी मला रागावायला हवं होतं. त्यांनी फक्त काकांना फोन लावला.

दुसऱ्या दिवशी सातला काका काटा आणि काळी घेऊन आमच्या ओट्यावर आले.

"जाऊन आलात म्हणे," एवढंच म्हणाले. मग वही माझ्याकडे दिली. "लिहा. माझे हात गुंतून राहिले."

एकटे उभे राहिले: बावन्न. काळीला घेऊन: अडुसष्ट. मी सोळा लिहिलं आणि पहिल्यांदाच त्या वहीचा डावा रकाना पाहिला. प्रत्येक जनावराच्या आधी काकांचं वजन. दोन वर्षांपूर्वी, काकू होत्या तेव्हा, सदुसष्ट. मग चौसष्ट. साठ. छप्पन्न. रोज आमच्या डोळ्यांदेखत.

"काका, हे तुमचं..."

"ते सोडा जी," काका म्हणाले. "ते फक्त वजा करायला असते."

मी म्हटलं, बसा, पोहे टाकते. काका काळीला मांडीवर घेऊन बसले. लाडूच्या वेळी ते तीन सकाळी याच ओट्यावर उभे होते, आणि मी त्यांना एकदाही बसा म्हटल्याचं मला आठवेना.