गजाननरावांचा पत्ता

वडवाळीत माणसांना द्यायचे इंटरनेटच्या चौथ्या आवृत्तीचे पत्ते संपले, तेव्हापासून जन्मलेल्या मुलांना सहाव्या आवृत्तीचे पत्ते मिळू लागले आणि त्यांचं बोलणं आईबापांना ऐकू येईनासं झालं. पाचवी आवृत्ती कुठं गेली, हे कुणी विचारलं नाही.

नगरपालिकेनं गल्लोगल्ली माणसं नेमली. दोन्हीकडचं बोलणं ऐकून इकडचं तिकडे पोचवणं हे त्यांचं काम. पदाला आधी 'दुभाषी' म्हणत. तक्रारी फार वाढल्या, तेव्हा सभेनं ते पद रद्द केलं आणि पुढच्या सभेत 'सेतुसेवक' या नावानं पुन्हा सुरू केलं. काम तेच, माणसंही तीच.

गजानन उपाशांच्या गल्लीला सलमाबी मुजावर होत्या. कामाला चोख. पण उणीव व्यवस्थेतच होती. बोलायला सुरुवात मुलांनीच करायची. आईबापांनी फक्त उत्तर द्यायचं.

उपाशांची ऋता नोकरीसाठी बंगळूरला जायचं म्हणत होती. तिच्या आईनं, शालनताईंनी "नाही" म्हटलं. त्या दिवसापासून ऋता गप्प झाली, आणि तिनं सुरुवातच केली नाही म्हणून घरात कुणालाच तिच्याशी बोलता येईना. शालनताई तिच्या दाराशी उभ्या राहून परत येत. सलमाबी ओट्यावर बसून असत.

"ताई, पोरीनं एकदा तोंड उघडू दे, मी लगेच पोचवते," त्या म्हणत. "त्याआधी माझ्या हातात काही नाही."

शालनताईंचं जेवण सुटलं तेव्हा गजाननराव नगरपालिकेत गेले. पत्ते विभागातल्या घोरपड्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"चौथ्या आवृत्तीचा एक पत्ता मुलीच्या नावाला कायमचा जोडला, तर काकू सलमाबींमार्फत आपणहून तिला हाक मारू शकतील. पण शिल्लक पत्ताच नाही."

"माझा जोडा."

घोरपड्यांनी पेन खाली ठेवलं. "मग तुम्ही?"

"मी तसाही कमीच बोलतो."

"नुसतं बोलण्याचं नाही, काका. तुम्हाला ऐकूही येणार नाही. काकूंचंसुद्धा."

गजाननराव विचार करून सांगतो म्हणाले आणि घरी आले. शालनताईंना त्यांनी सगळं सांगितलं.

"अहो, मग मी भांडू कुणाशी?"

"तिच्याशी भांड," गजाननराव म्हणाले. "तेच तर अडलंय."

त्या रडल्या. मग त्यांनी नवऱ्याच्या सदऱ्याचं तुटलेलं बटण लावून दिलं आणि सोमवारी ते जाऊन पत्ता सोडून आले. परतताना बाजार भरलेला होता, पण त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं. सायकलवाल्यानं घंटी वाजवली असावी; त्याचा हात हलताना दिसला म्हणून ते बाजूला झाले.

घरी शालनताई ऋताच्या दाराशी उभ्या होत्या. मध्ये सलमाबी. शालनताईंचे ओठ हलले, मग सलमाबींचे. दार उघडलं. ऋता उंबऱ्यावर आली. पहिल्यांदाच तिला कुणीतरी आपणहून हाक मारली होती. मग तीही बोलू लागली, भराभरा, हातवारे करत. शालनताई मान हलवत होत्या, मध्येच नाही म्हणत होत्या, मध्येच पदर डोळ्यांना लावत होत्या. सलमाबींना श्वास घ्यायला सवड नव्हती.

गजाननराव खुर्चीत बसून बघत राहिले. बंगळूरचं ठरतंय की मोडतंय, ते त्यांना कळेना. शालनताईंनी एकदा त्यांच्याकडे बोट दाखवलं, ऋतानं वळून पाहिलं आणि ती हसली. तेही हसले.

मग ते उठून स्वयंपाकघरात गेले आणि दुधाखालचा गॅस बंद केला. दूध उतू चाललं होतं, आणि तिघींपैकी कुणाचंच तिकडे लक्ष नव्हतं.