जेवणाचा इंग्रजी तास

रात्री जेवताना इंग्रजीतच बोलायचं, हा नियम खुद्द बांग दोक्सूने काढला. इंग्रजीची हौस होती म्हणून नव्हे (शाळेत त्याचा पेपर तपासून मास्तरांचंच इंग्रजी बिघडायचं). त्याला घरात शांतता हवी होती. मुळ्याच्या किमचीत मीठ किती, यावरून त्याची आई आणि बायको मिर्योंग यांचं बिनसलं होतं, आणि आईने बुसानच्या लेकीकडे जायला बॅग भरली होती. थोरल्या मुलाचं घर सोडून आई लेकीकडे राहायला गेली असती, तर दोक्सूला जोंजू शहरात तोंड दाखवायला जागा उरली नसती.

दोघी वॉर्ड ऑफिसातल्या फुकटच्या इंग्रजी वर्गाला जात. पण शिकून शिकून शिकल्या असतील किती? भांडायला पुरेल इतकं तर नक्कीच नाही, असा त्याचा हिशोब.

त्या आठवड्यात वर्गात 'हार्ड' हा शब्द झाला होता. एक अर्थ टणक, दुसरा अवघड. कोरियनमध्ये दोन्हींना वेगवेगळे शब्द आहेत, त्यामुळे एकाच शब्दाला दोन कामांना जुंपणं दोघींना चिक्कूपणाचं वाटलं होतं.

आईने मुळ्याची फोड चावली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"मुळा हार्ड."

मिर्योंगने चमचा खाली ठेवला. "मुळा कापणं हार्ड. तू काप."

दोक्सूने आईच्या बॅगेकडे बघितलं. बावीस वर्षांत ही बाई सासूशी 'आपण जेवलात का' याच्याखाली उतरली नव्हती. पण इंग्रजीत सासूला आणि मांजराला एकच 'यू', त्याला ती बिचारी काय करणार? आता बॅग उचलली जाणार, हे त्याने धरूनच ठेवलं.

आईने भाताची वाटी सुनेपुढे सरकवली. मग म्हणाली, "तुझा भात हार्ड. मी बावीस वर्षं गप्प. गप्प बसणं हार्ड."

"मी पण गप्प. तुझा मुलगा झोपतो, मी काम करते. हार्ड."

"त्याचा बाप सेम. व्हेरी हार्ड."

आणि दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. प्रत्येक वाक्याला आदराचं शेपूट लावता लावता जे बोलायचं राहून गेलं होतं, ते मोडक्यातोडक्या इंग्रजीत भराभरा बाहेर पडायला लागलं. आईने उठून बॅगेतला स्वेटर काढला आणि अंगात घातला. दोक्सूला मनापासून बरं वाटलं.

"ह्याचं डोकं हार्ड," त्याच्याकडे बोट दाखवून आई म्हणाली.

कोणत्या अर्थाने, असं मिर्योंगने विचारलं. आईने थोडा विचार केला.

"दोन्ही."

दोक्सूने हसून घेतलं. मग घरच्या कर्त्या पुरुषाला शोभेल अशा कोरियनमध्ये त्याने पाणी मागितलं. दोघींनी त्याच्याकडे नुसतं बघितलं. नियम त्याचाच होता. त्याला येत होते ते दोन शब्द, 'वॉटर' आणि 'प्लीज', त्याने एकदमच खर्चून टाकले.

"यू गो," आई म्हणाली, आणि जाताना खरकटी भांडीही न्यायची आहेत, हे तिने हातानेच दाखवलं.

तो मोरीशी भांडी घासत असताना बाहेर पुन्हा अस्सल कोरियन सुरू झालं.

"आई," मिर्योंग अगदी अदबीने विचारत होती, "आपली हरकत नसेल, तर हा नियम उद्यापासून नाश्त्यालाही लावायचा का?"