तिसऱ्या कडव्यासाठी माझं तोंड सुटलं

आमच्या ह्यांचं गाणं मला तोंडपाठ आहे, असं मी रेडिओवाल्या मुलीला ठणकावून सांगितलं. शाळा मी जेमतेम पाहिली, पण एकेकाळी सगळं गाव जे गाणं गुणगुणायचं ते माझ्या घरातलं! हे लाँड्रीत इस्त्री करता करता शब्द जुळवत. चाल लावणारे भाऊजी छत्र्या दुरुस्त करत. गाणं होईपर्यंत ह्यांनी किती शर्ट जाळले आणि भाऊजींनी किती छत्र्या उलट्या शिवल्या, ते गिऱ्हाइकांनाच ठाऊक.

मुलगी म्हणाली, "आजी, दोन कडवी तबकडीवर आहेत. आम्हाला तिसरं हवंय. तेवढं मिळालं तरच कार्यक्रम."

तिसरं? मी भाऊजींकडे पाहिलं.

"होतं एक," ते पेटी पुसत म्हणाले. "तबकडीवर मावलं नाही. आता शब्द आठवत नाहीत."

म्हणजे ह्यांचं नाव पुन्हा रेडिओवर यायचं, ते अडलं इथे. आणि मी तोंडपाठवाली, मख्खासारखी बसलेली.

"वहिनी, तुम्ही कडाडलात की तो लिहायला बसायचा. जरा कडाडा बघू."

"मी काय नळ आहे, फिरवला की सुरू?"

"राहू दे. चहासुद्धा पाणचट झालाय तुमचा."

झालं. "पाणचट? माझ्या नवऱ्याला रोज पळवून न्यायच्या आधी हाच चहा ढोसायचात ना? तिकडे तुमची पेटी, इकडे मी जेवण झाकून बसलेली. शंभरदा सांगितलं ह्यांना, जायचं तर जा, पण सांगून जा. दार किती धरू? दिवा कधी विझवू?"

बोलत होते भाऊजींशी, बघत होते ह्यांच्या रिकाम्या खुर्चीकडे.

"आणि शेवटी न सांगताच गेलात."

पेटी कधी सुरू झाली, कळलं नाही. भाऊजी डोळे मिटून गात होते.

जायचं तर जा, पण सांगून जा,
दार किती धरू, दिवा कधी विझवू...

"हेच," ते म्हणाले. "हेच ते कडवं, वहिनी."

चोर कुठले. माझंच बोलणं घरातून उचलून नेलं, आणि मी जन्मभर समजत होते, ह्यांचं माझ्याकडे लक्षच नसतं.

मुलीनं रेकॉर्डिंगचं यंत्र बंद केलंच नव्हतं. रेडिओवर गाण्याआधी माझं भांडण अख्खं वाजलं. ह्यांचं नावही आलं, पण शेजारीण आली ती माझंच कौतुक करत.

"काय सुरात भांडता हो तुम्ही!"

"सूर कसला," मी म्हटलं. "ऐकून घेणारा तसा होता."