धुराड्यामागचा पाद्री

थर्लबी हॉलच्या दिवाणखान्यात, धुराड्याशेजारच्या नक्षीदार फळीमागे माणूस जेमतेम उभा राहील एवढी कपार होती. राणी एलिझाबेथच्या अमदानीत कॅथलिक पाद्री सापडला की फासावर जाई. तशांना लपवायला पूर्वजांनी ती बांधली, असं म्हातारे अँब्रोज थर्लबी दर शनिवारी पाहुण्यांना सांगत आणि स्वतः आत शिरून दाखवत. घर चहूकडून गळत होतं, पण या कपारीमुळे त्याला अजून मान होता.

त्या शनिवारी जुन्या वास्तूंच्या खात्याचे क्रॅडक साहेब आले होते. अँब्रोज हौसेने आत गेले, फळी लावून घेतली, आणि ओलीने फुगलेली ती फळी घट्ट बसली.

"हेस्टर, ओढ जरा," आतून आवाज आला.

"ओढतेच आहे. हलत नाही मेली," बहीण म्हणाली. "थांब, कुऱ्हाड आणते."

क्रॅडक आडवे आले. "बाई, चारशे वर्षांची फळी आहे. ओरखडा उठला तरी खटला होईल. आधी परवानगी घ्या."

"कधी मिळेल?"

"बुधवारी बैठक असते."

आत खोकल्याची उबळ आली. अँब्रोजची छाती आधीच अधू, त्यात हवा अशी नाहीच.

"अँब्रोज, सांगून टाक आता साहेबांना."

"मेलो तरी सांगणार नाही."

"मरशीलच."

तेवढ्यात आत काहीतरी धाडकन कोसळलं. खोकला थांबला. हेस्टरने हाका मारल्या, ओ आली नाही.

"खोटी आहे हो ती," ती रडत म्हणाली. "आमच्या आजोबांनी गावच्या सुताराकडून करून घेतली. शिकारीच्या पाहुण्यांवर छाप पाडायला."

"असं होय?" क्रॅडक थंडपणे म्हणाले. "मग फोडा."

तिने फोडली. अँब्रोज चुन्याने पांढरेफटक होऊन रांगत बाहेर आले.

"मागची भिंत पडली," ते धापा टाकत म्हणाले. "तिच्यामागे आणखी एक कपार आहे. खरी. आत पाद्री बसलाय, गळ्यात क्रूस आहे. त्याचीही फळी फुगली असणार."

"आणि बाहेरचे बुधवारची वाट बघत बसले असतील," हेस्टर म्हणाली.

क्रॅडकनी वाकून आत बॅटरी मारली. त्या सांगाड्याकडे ते बराच वेळ बघत राहिले.

"हाडंसुद्धा मागवली होती का आजोबांनी?" त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता टोपी घालून गाडीकडे निघाले.