नानांची गिऱ्हाइकं

आमच्या शेजारचे नाना पक्ष्यांना अहो-जाहो करतात. ओहोटीला भाट्याच्या खाडीत चिखल उघडा पडला की हे पोटावर आडवे होतात, कॅमेरा डोळ्याला लावतात आणि समोर किडे टिपत फिरणाऱ्या शेकाट्याला अदबीने सांगतात, "हं, मान जरा डावीकडे. अजून थोडी. आता हनुवटी खाली घ्या." शेकाट्या म्हणजे दोन लांब लाल काठ्यांवर उभा केलेला काळा-पांढरा पक्षी. त्याला हनुवटी कुठली? पण नानांचा सगळा जन्म फोटो स्टुडिओत गेला. समोर येईल तो गिऱ्हाईक. "काय मिळालं आज?" असं विचारलं तर म्हणतात, "तीन गिऱ्हाइकं आली. दोघांचं काम झालं. तिसरं न सांगता उठून गेलं."

आताचे कॅमेरे म्हणे एका दमात ढीगभर फोटो काढतात. नाना एकच काढतात. पक्षी धावायला पाय उचलेल, पंख अर्धे उघडेल, चोचीतला मासा हवेत उलटा करेल, तोवर श्वास धरून पडून राहायचं आणि मग एकदाच 'खट्'.

"उगाच फिल्म कशाला घालवायची?"

"अहो नाना, फिल्म आहे कुठे आता?"

"नसेल. म्हणून काय उधळपट्टी करायची?"

फोटो निघतो, पण नाना निघत नाहीत. गुडघे धरलेले असतात. मग चिखलात तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, वेचणाऱ्या बायका टोपल्या खाली ठेवून त्यांना दोन्ही बगलांना धरून उभं करतात. त्यांतली एक तर रोज सुनावते, "अवो नानानु, भरती लागली. पाखरा उडून जातील, तुमी काय उडताव?" नाना चिखलाने माखलेली टोपी काढून तिला नमस्कार करतात.

माझी नि नानांची ओळख मी स्वतः गिऱ्हाईक असतानाची. दाखवायचा फोटो काढायला आईने मला त्यांच्या स्टुडिओत नेलं होतं. मी वयाने एकोणीस आणि अकलेने नऊ. वेणी पुढे घेतलेली, पावडर इतकी की शिंक आली असती तर ढग उठला असता. हनुवटीखाली हात आणि हातात जाडजूड पुस्तक, म्हणजे मुलगी विचारी आहे हे कळावं. पुस्तक उलटं होतं, ते नंतर फोटोत दिसलं.

नानांचा खरा हात मात्र फोटो काढून झाल्यावर चालायचा. तिरकं मेज, त्यात दुधी काच, काचेवर निगेटिव्ह आणि हातात सुईसारखं टोक काढलेली शिसपेन्सिल. मुरूम, डाग, डोळ्यांखालची वर्तुळं, सगळं बारीक ठिपक्यांनी भरून काढायचे. माझी नाकाशेजारची चामखीळ त्यांनी अशी गायब केली की मी आठवडाभर आरशावरच संशय घेत होते. गुहागरची मंडळी बघायला आली. मी घावनांची ताटली घेऊन समोर बसले. होणाऱ्या सासूबाईंनी फोटो बघितला, मला बघितलं आणि आईला प्रेमाने म्हणाल्या, "आता मुलीला बोलवा ना बाहेर." लग्न जमलं ते ह्यांना घावनं आवडली म्हणून. आणि जमलं ते असं, की रत्नागिरीत बिऱ्हाड केलं तर शेजारी हेच नाना!

नानांची बायको शालन. लहानपणी देवी आल्या होत्या, चेहराभर वण. जीभ अशी की बाजारातली कोळीणसुद्धा तिला बघून भाव आधीच खाली आणायची. नानांचा तिच्यावर फार जीव. तो त्यांनी त्यांच्या पद्धतीने दाखवला. लग्नातल्या फोटोपासून तिच्या साठीच्या फोटोपर्यंत, शालनचा एकेक वण पेन्सिलीने पुसून काढला. चेहरा कसा, उकडीच्या मोदकासारखा! शालन फोटो हातात घेऊन विचारायची, "ही बया कोण? हिच्याशीच करायचं होतं लग्न."

स्टुडिओ बंद झाला, कारण लोक आपापल्या मोबाइलवर आपापल्या चामखिळी पुसायला शिकले. मग मुलीने, ठाण्याच्या विनयाने, कॉम्प्युटर आणून दिला आणि नानांनी खाडीवरची गिऱ्हाइकं धरली. पेन्सिल गेली, माऊस आला. पक्षी सोलल्यासारखा स्वच्छ करायचे. चोचीवरचा चिखल पुसला, पाण्यावरचा कचरा पुसला, गवताच्या काड्या पुसल्या. असाच एक धावता शेकाट्या एका पतसंस्थेने कॅलेंडरवर छापला. घरोघरी टांगला गेला. सगळे वा वा करत होते. शालनने फक्त चष्मा लावला.

"अहो, ह्याचा दुसरा पाय कुठाय?"

नानांनी तो गवताची काडी म्हणून पुसला होता. बिचारा पक्षी वर्षभर साऱ्या रत्नागिरीत एका पायावर धावत होता, नि शालन येणाऱ्या-जाणाऱ्याला खिडकीतून हाक मारून दाखवत होती.

ती शालन गेल्या वर्षी पावसाळ्यानंतर गेली. तापाचं निमित्त झालं.

तेराव्याला नानांनी तिचा फोटो मोठा करून, चौकटीत घालून आणला. विनयाने तो हातात घेतला आणि बघतच राहिली. "बाबा, ही आई नाही," म्हणाली आणि रडायलाच लागली. दुसरा शोधा म्हणाली. नानांनी पेट्या उपसल्या, आम्हीही आमच्या उपसल्या. आमच्याकडच्या दोन फोटोंत शालन होती, पण एकात पाठमोरी, एकात पदराने तोंड पुसताना. बाकी सगळे नानांनी काढलेले आणि नानांनी पुसलेले. जुन्या निगेटिव्ह बघाव्यात तर त्यांवरही पेन्सिल फिरलेली. आधार कार्डावर तर नुसता काळा डाग. शालनचा खरा चेहरा कुठेच नव्हता. "वर्षश्राद्धापर्यंत बघतो," नाना लेकीला म्हणाले. भिंतीवर खिळा ठोकलेला होता, तो तसाच राहिला.

थंडीत ते पुन्हा खाडीवर जायला लागले. मला बरं वाटलं. एकदा कॉम्प्युटरवर बघते तर शेकाट्याच्या चोचीवर चिखल, पंखातलं एक पीस मोडलेलं, पायाला शेवाळ.

"पुसायचं राहिलं वाटतं?"

"राहू दे," नाना म्हणाले. "त्याचं आहे ते."

वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी दुपारी मी अळूवडीची पानं द्यायला गेले. नाना कॉम्प्युटरपुढे बसले होते. पडद्यावर शालन होती, पन्नाशीची, ती मोदकासारखी. पण कपाळावर वण होते. हनुवटीवर होते. नाना एकेक वण परत लावत होते. एका बाजूला कणभर सावली, दुसऱ्या बाजूला कणभर उजेड, मग मागे सरून बघायचं, मग पुन्हा.

"बऱ्या आलात वहिनी. हा डाव्या डोळ्याखालचा मोठा. नक्की कुठे होता हो?"

"तुम्हाला नाही आठवत?"

"काढायचा म्हणूनच बघितला तो. तसा नाही बघितला."

मी पानं खाली ठेवली, स्टूल ओढलं. "खाली घ्या. अजून. नाकाकडे नको, कानाकडे. हां."

"केवढा?"

"तुरीच्या डाळीएवढा. एवढा खोल नको, विहीर झालीय नुसती."

नानांनी ती बुजवली. आमची दोनदा भांडणं झाली. उजव्या गालावर तीन होते असं ते म्हणाले, मी म्हटलं चार. शेवटी चौथा लावला आणि नानांनी माऊस सोडला. पडद्यावरून शालन आमच्याकडे बघत होती. आता पाय कुठाय म्हणून विचारील, अशी.

दुसऱ्या दिवशी विनया ठाण्याहून आली ती पिशवी हातात तशीच ठेवून भिंतीवर लावलेल्या फोटोपुढे उभी राहिली. मग तिने काचेवर डाव्या डोळ्याखाली हळूच बोट टेकवलं.

"बाबा, हा कुठे होता इतके दिवस?"

"होता," नाना म्हणाले. "घरातच होता."

नंतर त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि फोटोचा हार नीट करायला लागले. हार सरळच होता. माझ्या पोटात काही राहत नाही हे अख्ख्या आळीला माहीत आहे. मी स्वयंपाकघरात गेले आणि वड्या तळायला घेतल्या.